वस्तऱ्याची खोटी पाठ

पेठकरकाकांचा हातावर विश्वास नव्हता. दुसऱ्याच्या तर नव्हताच, स्वतःच्या त्याहून नव्हता. भिंतीवर साधं कॅलेंडर टांगायचं असलं तरी ते आधी पाणसळ लावून बघायचे. सुधाकाकूंनी तव्यावरची पहिली पोळी ताटात टाकली की ती उजेडाकडे धरून "डावीकडे जाड आहे" म्हणायचे, आणि मग निमूटपणे तीच खायचे. काकू म्हणायच्या, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी पोळी अजून पास झालेली नाही.

"सोमवारचा हात वेगळा, शुक्रवारचा वेगळा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "हात दमतो, रागावतो, फुशारतो. कोन हाताने धरायचा नसतो. कोन धरायला वस्तू करायची आणि हाताने ती फक्त ढकलायची."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते साउथहॅम्प्टनमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. माझा नवरा नितीन तिथे भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या ट्रेनिंगमध्ये होता. पुण्याची माझी मायक्रोबायॉलॉजीची डिग्री घेऊन मी सहा महिने घरात बसले होते, आणि शेवटी हिस्टॉलॉजीच्या लॅबमध्ये असिस्टंट म्हणून लागले. पेशंटच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे केसाहूनही पातळ काप काढायचे आणि ते काचेवर चढवून डॉक्टरांकडे तपासायला पाठवायचे, असं ते काम. पेठकर तिथले सगळ्यांत जुने. रिटायर व्हायला जेमतेम वर्ष उरलेलं. बुटके, शिडशिडीत, पांढऱ्या कोटाच्या आत बारा महिने राखाडी कार्डिगन. पहिल्या दिवशी मी त्यांना "मिस्टर पेठकर" अशी हाक मारली तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं, "मराठी ना तू? मग काका म्हण. मिस्टर म्हटलं की मला कौन्सिलचं पत्र आल्यासारखं वाटतं."

तोवर काप काढायला वापरून फेकून द्यायची पाती आली होती. पण काकांच्या ड्रॉवरमध्ये एका लाकडी पेटीत जुन्या काळची एक सुरी होती, वीतभर लांब आणि हातात घेतली की मनगट खाली जाईल इतकी जड. तरुणपणी ते या देशात आले तेव्हा पहिली दोन वर्षं त्यांच्याकडे एकच काम होतं, अशा सुऱ्यांना धार लावणं. धार लावताना सुरीच्या पाठीवर एक पोलादी नळी सरकवायची, लांबीत चिरलेली. सुरी दगडावर आडवी ठेवली की एका बाजूला धार टेकायची आणि दुसऱ्या बाजूला ही नळी. कोन आपोआप जमायचा. बाकीचे तिला "बॅक" म्हणत, काका "खोटी पाठ" म्हणत. फेकायची पाती आल्यावर सगळ्या सुऱ्या कचऱ्याच्या स्किपमध्ये गेल्या. एक काकांनी मागून घेतली.

रिटायर झाल्यावर लॅबने त्यांना बागकामाचं सामान दिलं. काकांनी ते काकूंच्या ताब्यात दिलं आणि स्वतः गॅरेजमध्ये शिरले. रविवारी सकाळी शहराबाहेरच्या एका मैदानात लोक आपापल्या गाड्यांच्या डिकी उघडून घरातलं जुनंपानं विकायला बसत. तिथून काका जुने वस्तरे आणायला लागले. न्हाव्याचे असतात तसे, मुठीत मिटणारे. गंजलेले, धारेच्या खपल्या उडालेले, कुणाच्या तरी आजोबांचे. वर्षभरात गॅरेजच्या भिंतीवर पन्नासेक वस्तरे ओळीने लागले. सगळे केस कापतील इतके धारदार. आणि काका स्वतः दाढी करायचे ती सुपरमार्केटमधल्या प्लास्टिकच्या निळ्या रेझरने. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "मला धार लावायला आवडते. लावून घ्यायला नाही."

मी त्यांच्याकडे शनिवारी जायचे. लॅबमध्ये असिस्टंटच्या वर जायला लागणाऱ्या रजिस्ट्रेशनसाठी मला एक जाडजूड फाईल भरायची होती आणि ती त्यांच्याइतकी नीट कुणी तपासणार नव्हतं. फाईल अर्धा तास, मग काकूंचं जेवण, आणि मग गॅरेज. तिथे त्यांनी मला समजावलं की चांगला वस्तरा आपला कोन आपल्याबरोबरच घेऊन येतो. पातं दगडावर सपाट ठेवलं की धार आणि पाठ दोन्ही टेकतात, वेगळी नळी लागत नाही. पण धार लावताना पाठही झिजते. कुणी जोर देऊन घासली की जास्तच. मग पाठ बुटकी होते, कोन निमुळता होतो, आणि धार इतकी नाजूक होते की पहिल्या दाढीलाच तिच्या खपल्या उडतात. अशा वस्तऱ्याला पुन्हा उंच पाठ द्यावी लागते, धार लावण्यापुरती.

ती कशाची करायची, हा काकांच्या रिटायरमेंटचा मुख्य प्रश्न होता. पहिल्यांदा त्यांनी विजेची चिकटपट्टी लावून पाहिली. ती खरखरीत दगडावर मिनिटभरात फाटायची. मग कागदांवर सरकवतात ती फाईलची प्लास्टिकची पट्टी. ती छान बसायची, पण हळूहळू झिजायची, म्हणजे सुरुवातीचा कोन वेगळा आणि शेवटचा वेगळा. काका म्हणाले, "ही तर हातासारखीच निघाली." मग तांब्याचा पाइप चिरून पाहिला, तो फारच जाड झाला. शेवटी एकदा लंडनच्या वेम्बलीतल्या भारतीय दुकानातून आणलेल्या तुपाच्या डब्याकडे त्यांची नजर गेली. पत्र्याची जाडी त्यांनी मायक्रोमीटरने मोजली, आणि दुपारी काकू स्वयंपाकघरात आल्या तेव्हा तूप जॅमच्या तीन बरण्यांत होतं आणि डबा गायब. पत्र्याची बोटभर रुंद पट्टी कापून ती वस्तऱ्याच्या पाठीवर घडी घालून बसवलेली. धारेवर मार्करची शाई लावून ते पातं दगडावरून एकदाच फिरवत आणि भिंगातून बघत. शाई अगदी टोकापर्यंत पुसली गेली असेल तर कोन बरोबर. त्या दिवशी ती पुसली गेली होती. काकांनी मला भिंगातून दोनदा बघायला लावलं.

या सगळ्यावर हसणारा माणूस शेजारीच राहायचा. लेन हॉब्ज. साउथहॅम्प्टनहून सुटणाऱ्या मोठ्या प्रवासी बोटींवर आयुष्यभर न्हावी होता. ऐंशीच्या पुढचा, उंच, घरात एकटा, आणि कचऱ्याच्या बिन्स बाहेर ठेवायलासुद्धा टाय लावून निघणारा. काका हॉस्पिटलात कामाला होते म्हणून तो त्यांना "डॉक" म्हणायचा. आपण डॉक्टर नाही हे काकांनी पहिली दोन वर्षं सांगितलं, मग सोडून दिलं. काका मात्र त्याला कायम "मिस्टर हॉब्ज". गॅरेजचं दार उघडं दिसलं की लेन यायचा, पत्र्याची टोपी घातलेला वस्तरा बघायचा आणि मला विचारायचा, हा सायकललाही बाजूची दोन चाकं लावतो का? त्याचं म्हणणं एकच. अटलांटिकमध्ये बोट डुलत असताना मी लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवला आहे. कोन बोटांना कळतो. ज्याच्या बोटांना कळत नाही त्याने दुसरा धंदा बघावा.

काका म्हणायचे, तुमच्या बोटांना कळत असेल, पण ते तपासायचं कशाने? आणि मग दोघं तासभर भांडायचे, फार आनंदाने.

त्या वर्षी ऑक्टोबरात लेनला स्ट्रोक झाला. सात आठवड्यांनी घरी आला तेव्हा उजवा हात मांडीवर पडून असायचा आणि तोंडाची उजवी बाजू थोडी उतरली होती. बोलणं जड, पण समजायचं. रोज सकाळी एक केअरर बाई येऊन त्याला आंघोळ घालायची आणि इलेक्ट्रिक शेव्हर गालावरून फिरवायची. चौथ्या दिवशी त्याने तोंड फिरवलं. मग दाढी वाढत गेली. ज्याला मी कधी टायशिवाय पाहिलं नव्हतं तो माणूस पांढऱ्या खुंटांसकट खिडकीत बसायला लागला, आणि कोणी आलेलं दिसलं की पडदा ओढून घ्यायला लागला. त्याची मुलगी कॅरल पोर्ट्समथहून यायची. तिने काकूंना सांगितलं की डॅडी आता नीट जेवतही नाहीत.

एका शनिवारी काका मला म्हणाले, "चल, जरा हॉब्जसाहेबांकडे जाऊ." त्यांच्या हातात एक लाकडी ट्रे होता. ट्रेमध्ये दगड घट्ट बसवलेला, आणि टेबलाला आवळायला खाली क्लॅम्प. एका हाताने धार लावता यावी अशी सोय. दोन आठवडे ते उजवा हात खिशात घालून डाव्या हाताने त्यावर सराव करत होते, हे मला काकूंकडून आधीच कळलं होतं.

लेनचा स्वतःचा वस्तरा खणात होता. पन्नास वर्षं वापरलेला, पाठ झिजून पार चपटी झालेली. काकांनी तो मागून घेतला, मोजला, खिशातून तुपाच्या डब्याची पट्टी काढून पाठीवर बसवली आणि लेनच्या समोर ठेवला. लेनने पट्टीकडे पाहिलं. मग डाव्या हाताने वस्तरा बाजूला सारला.

"माझ्या वस्तऱ्याला कुबडी नको," तो म्हणाला. लेन अर्थातच इंग्रजीत बोलायचा, मी माझ्या मराठीत सांगते आहे.

मला वाटलं, काका आता कोनाचं गणित सांगायला लागतील. ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. काकूंना माहीत होती की नाही, मला ठाऊक नाही.

लॅबमध्ये लागून त्यांना तीन वर्षं झाली होती. सुऱ्यांना त्यांच्यासारखी धार कोणी लावत नाही असं सगळे म्हणायचे, आणि ते त्यांनाही पटलं होतं. एका सकाळी एका सुरीची नळी सापडेना. कुणीतरी दुसरीकडे ठेवली असणार. शोधायला वेळ घालवण्यापेक्षा त्यांनी ठरवलं, मी हाताने धरीन कोन. मला येतं. धरला. धार दिसायला सुरेख आली. त्या सुरीने ज्या पहिल्या तुकड्याचे काप काढले तो एका बाईच्या लिव्हरचा होता, काडीएवढा. धार मध्येच वळली आणि तो तुकडा मेणातल्या मेणात चुरला. परत काप काढण्याजोगं काही उरलं नाही. तिला पुन्हा बोलावून पुन्हा सुई घालावी लागली. दुसऱ्या वेळी रक्तस्राव झाला, आणि ती तीन आठवडे वॉर्डात होती. वाचली. काकांनी मोठ्या डॉक्टरांना आपण होऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, असं होतं कधीकधी.

"मी रोज संध्याकाळी त्या वॉर्डाच्या दारापर्यंत जायचो," काका म्हणाले. "आत कधी गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो, की माझ्या हाताला फार येत होतं?"

मी खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिले. मग लेनने डावा हात लांब केला आणि वस्तरा पुन्हा स्वतःकडे ओढला.

"दाखव," तो म्हणाला.

पुढचे तीन शनिवार लेन डाव्या हाताने शिकत होता. पातं पुढे ढकलायचं, टोकाला पाठीवरच उलटायचं, परत ओढायचं. सुरुवातीला वस्तरा दोनदा खाली पडला. तिसऱ्या शनिवारी काकांनी धारेवर शाई लावली, लेनने एकदा पातं फिरवलं, आणि काकांनी भिंग त्याच्या हातात दिलं. लेनने बघितलं, भिंग मला दिलं. शाई टोकापर्यंत पुसली गेली होती. पत्र्याची पट्टी काढून त्याने वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजला, डाव्याच हाताने, आणि त्या आवाजावरून कळत होतं की या माणसाने हे लाखो वेळा केलं आहे.

मग त्याने तो आरशासमोर गालाला लावून पाहिला. डाव्या गालावर कसाबसा पोहोचला. उजवीकडे वळवताच येईना, आणि कातडी ताणून धरायला दुसरा हात नव्हता. मग त्याने वस्तऱ्याची मूठ काकांच्या दिशेने केली.

"तू कर, डॉक."

काका एकदम उठून उभे राहिले. मी कधी कोणाची दाढी केलेली नाही, ते म्हणाले, माझीसुद्धा मी प्लास्टिकच्या रेझरने करतो. लेन त्यांच्याकडे बघतच राहिला. एवढे वस्तरे भिंतीवर लावणारा माणूस! आणि मग तो हसला, अर्ध्या तोंडाने, खांदे हलेपर्यंत. स्ट्रोकनंतर मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"मला जमणार नाही," काका म्हणाले. "माझ्या हाताचं तुम्हाला सांगितलं ना, मिस्टर हॉब्ज? गेल्या महिन्यात सांगितलं."

"गालावर बसेल अशी पट्टी कोणी केलेली नाही," लेन म्हणाला. "ये इकडे."

काकू घरून गरम पाण्यात पिळलेला टॉवेल घेऊन आल्या. मी वाडग्यात साबणाचा फेस केला. काकांनी कार्डिगनच्या बाह्या वर केल्या, वस्तरा घेतला, आणि तो गालापासून वीतभर लांबच धरून उभे राहिले. लेनने आपला डावा हात उचलून त्यांच्या मनगटावर ठेवला. पकडला नाही, नुसता ठेवला.

"फार उभा आहे," तो म्हणाला. "झोपव. अजून. हं. आता दुसऱ्या हाताने कातडी वर ताण. घाबरू नको, ती माझी आहे. आता खाली ओढ."

काकांनी ओढला. फेसातून एक कोरडा, बारीक खर्रर्र आवाज आला.

"ऐकलंस? हा आवाज थांबला की कोन चुकला."

त्या दाढीला पाऊण तास लागला. हनुवटीखाली एकदा रक्ताचा थेंब आला तेव्हा काकांनी वस्तरा खाली ठेवला. लेनने मनगटावरचं बोट दोनदा आपटलं, पुढे चल अशा अर्थाने, आणि काका पुढे चालले. संपल्यावर लेनने डाव्या तळव्याने दोन्ही गाल सावकाश चाचपले आणि कॅरलने आणलेलं सूप मागितलं. काका घरी आले आणि गॅरेजमध्ये जाऊन बसले. काकूंनी मला खुणेने सांगितलं, आत जाऊ नको.

तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी काका लेनची दाढी करायचे. धार लेन लावायचा. काही महिन्यांनी लेनचा हात मनगटावरून निघाला आणि खुर्चीच्या हातावर गेला. भांडणं पुन्हा सुरू झाली. लेन सांगायचा की शिकाऊ म्हणून डॉक बरा आहे, फक्त फार विचार करतो. काका मला सांगायचे की हॉब्जसाहेबांच्या उजव्या गालावर एक उलटा भोवरा आहे, तो कुठल्याही मोजमापात बसत नाही, तिथे आवाज ऐकूनच जावं लागतं. हे सांगताना ते जरा ओशाळायचे.

पहिल्या स्ट्रोकनंतर सव्वा वर्षाने, फेब्रुवारीत, दुसरा स्ट्रोक आला आणि लेन हॉस्पिटलात दोन दिवसांत गेला. अंत्यसंस्कारांची व्यवस्था बघणाऱ्या लोकांनी कॅरलला विचारलं, दाढी आम्ही करू का? तिने काकांना फोन केला. मी त्यांना गाडीने तिथे घेऊन गेले आणि बाहेर थांबले. अर्ध्या तासाने काका आले आणि त्यांनी सीटबेल्ट लावला.

"गाल थंड होता," ते म्हणाले. "आणि मनगट फार मोकळं वाटत होतं गं."

मी गाडी सुरू केली.

त्याच उन्हाळ्यात नितीनला वॉटफर्डला कायमची नोकरी मिळाली. घर हलवायच्या बांधाबांधीत मला काकांकडे जायला जमलं नाही, आणि निघायच्या दिवशी सकाळी, सामानाने भरलेली गाडी त्यांच्या दारासमोर उभी करून मी पाच मिनिटांसाठी उतरले. काकू मंदिरात गेल्या होत्या. गॅरेजचं दार वर सरकवलेलं होतं. आत, स्वयंपाकघरातून आणून ठेवलेल्या खुर्चीवर, एक मी कधी न पाहिलेला म्हातारा मान मागे टाकून बसला होता, गळ्याभोवती टॉवेल, डोळे मिटलेले. लेनबरोबर बोटीवर असलेला त्याचा एक मित्र, हे मला नंतर काकूंनी फोनवर सांगितलं. अंत्यसंस्काराच्या वेळी भेटला होता आणि आता दर पंधरा दिवसांनी दोन बस बदलून येत होता.

काका त्याच्यावर वाकले होते. डाव्या हाताने गाल ताणलेला, उजव्या हातात वस्तरा. त्यांनी वर पाहिलं नाही, पण माझी पावलं ओळखली.

"सुमेधा, थांब जरा," ते म्हणाले. "हात मोकळे नाहीत."

मी दारातच थांबले. तो कोरडा, बारीक आवाज संथपणे कानापासून जबड्यापर्यंत येत होता, थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. मागे नितीनने एकदा हॉर्न वाजवला. तेव्हा काकांनी डोळे तेवढे वर केले, माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि पुन्हा कामाकडे वळले. मी आणखी थोडा वेळ उभी राहिले आणि आवाज न करता गाडीकडे परत गेले.